आडजागी उभी गाडी आणि भुरटी चोरी : कोकणात फिरणाऱ्यांसाठी आणि राहणाऱ्यांसाठी

सुरूच्या बनात, धबधब्याच्या वाटेवर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पांच्या कडेला किंवा एखाद्या जेट्टीवर उभ्या केलेल्या गाडीतून पाकीट, मोबाइल नाहीतर कॅमेऱ्याची बॅग जाते, तेव्हा त्यामागे सहसा मोठी टोळी नसते आणि गाडी पळवण्याचा बेतही नसतो. जाता-येता काचेतून आत डोकावणारा भुरटा चोर असतो. आत काही दिसलं आणि आजूबाजूला चिटपाखरू नसलं, की पुढचं काम मिनिटभराचं. शहरात काच फुटली तर चार माणसं खिडकीत येतात. इथे समुद्राच्या गाजेत किंवा पावसाच्या सरीत तो आवाज पन्नास पावलांवरही पोचत नाही.

म्हणून यावरचा खरा उपाय असा, की गाडी लोकांच्या नजरेत हवी आणि सामान गाडीच्या बाहेर. बहुतेक जण नेमकं उलट करतात. गाडी आडोशाला लावतात आणि सामान आतच कुठेतरी ‘लपवतात’.

चोराला तुमचं वेळापत्रक ठाऊक असतं

निर्जन जागेपेक्षाही धोक्याची गोष्ट म्हणजे तुम्ही किती वेळ परतणार नाही हे बाहेरच्याला नक्की कळणं. राजपुरीहून जंजिऱ्याला किंवा मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्गाला होडी सुटली, की तुम्ही तास-दीड तास तरी मागे फिरत नाही. मध्येच आठवण झाली म्हणून परत येण्याची सोय नसते. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती उजाडताना आणि संध्याकाळी. सगळे अंधारात गाड्या लावून पुळणीकडे (किनाऱ्यावरच्या वाळूकडे) धावतात. धबधब्याखाली भिजायला जाणारा माणूस पाकीट आणि फोन गाडीतच ठेवतो, हे कुणी सांगायला लागत नाही. मार्लेश्वराच्या पायऱ्या चढणाऱ्याचंही तसंच.

अशा ठिकाणी जाताना एकच प्रश्न विचारा : आपण इथून निघून गेलो हे कोण पाहतंय, आणि आपण कधी येणार हे त्याला कळतंय का? उत्तर ‘हो’ असेल, तर गाडी पूर्ण रिकामी असली पाहिजे. जुलै-ऑगस्टमधल्या धबधब्यांना तर हे आणखीच लागू. पावसाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, काचांवर वाफ धरलेली असते, आणि हातात टॉर्च घेऊन गाड्यांमध्ये वाकून बघणाऱ्याचा कुणाला संशयही येत नाही.

सामान हलवायचं ते पोचण्याआधी

सर्रास होणारी गोष्ट अशी. गाडी पार्किंगला येते, सगळे उतरतात, मग पर्स, लॅपटॉप, कॅमेरा एकेक करून डिकीत जातो, वर टॉवेल टाकला जातो, डिकी धाडकन बंद होते. समोरच्या टपरीपाशी कुणी पाळत ठेवून बसला असेल, तर त्याला आता फक्त तुमची पाठ वळण्याची वाट पाहायची असते. डिकीत काही ठेवायचंच असेल तर ते दोन-तीन किलोमीटर आधी, पेट्रोल पंपावर किंवा चहाला थांबाल तिथे ठेवा. मुक्कामाला पोचल्यावर डिकी उघडूच नका. पाण्याची बाटली, चटई, टोपी अशा वस्तू आधीच बाहेरच्या पिशवीत काढून ठेवा, म्हणजे डिकीकडे जायचं कारणच उरत नाही.

डिकी म्हणजे तिजोरी, हा समज मात्र मनातून काढून टाका. हॅचबॅक आणि एसयूव्हीत मागच्या सीटची पाठ वरचं बटण किंवा पट्टा ओढला की खाली पडते, आणि डिकी केबिनमधूनच उघडी होते. जुन्या बऱ्याच गाड्यांत डिकीची तरफ ड्रायव्हरच्या सीटशेजारी जमिनीलगत असते. दाराची काच कडक, म्हणजे टफन्ड असते; टोकदार वस्तूचा एक नेमका आघात झाला की तिचे हजार बारीक चौकोनी तुकडे होतात आणि आत हात जायला पूर्ण जागा होते. तो हात थेट सामानाकडे जातो किंवा आतल्या लॉकच्या बटणाकडे. पुढची मोठी काच दोन थरांची, मध्ये चिवट पडदा असलेली असते, ती सहसा कुणी फोडायला जात नाही. बाजूच्या, त्यातही मागच्या दारांच्या काचांवर पहिला डोळा असतो.

तुमच्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीला किल्लीचं कुलूप असेल (काही सेडान गाड्यांत असतं), तर ते वापरा. हॅचबॅकमधला डिकीवरचा झाकणपट्टा काढून घरी ठेवला असेल तर परत बसवा. एसयूव्हीत मागचं सामान उघडं दिसतं. तिथे ओढून घ्यायचा पडदा मिळतो. पण पडदा असो, झाकण असो, त्याखाली कपड्यांची बॅग आणि चपला ठेवाव्यात. लॅपटॉप, दागिने, रोकड, औषधांची पिशवी आणि घराच्या किल्ल्या अंगावर किंवा मुक्कामाच्या खोलीत.

चोराला फक्त सामान दिसत नाही, सामानाची खूणही दिसते. डॅशबोर्डवर लोंबणारी चार्जरची वायर म्हणजे फोन असणार. काचेवर मोबाइल होल्डरच्या रबरी कपाचा गोल डाग म्हणजे होल्डर ग्लोव्हबॉक्समध्ये असणार. कॅमेऱ्याच्या कंपनीची पट्टी, लॅपटॉपची रिकामी बॅग, नाण्यांची डबी, ‘सराफ’ छापलेली कापडी पिशवी, सगळंच आमंत्रण. रिकामी बॅगसुद्धा बाहेरून भरलेलीच दिसते. उतरण्यापूर्वी काच ओल्या फडक्याने पुसा, वायर काढा, ग्लोव्हबॉक्स उघडून तो रिकामा दिसेल असा ठेवा, मधल्या आर्मरेस्टचं झाकणही उघडंच ठेवा. आतला दिवा ग्लोव्हबॉक्समुळे चालू राहत नाही ना, तेवढं पाहा. नाहीतर परत येईपर्यंत बॅटरी उतरेल.

कागदपत्रं गाडीत ठेवायची गरज आता राहिलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी तपासणीत चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली तशी दुरुस्ती झाली आहे. मूळ आरसी गाडीतून गेलं तर नुसता हेलपाटा नाही : त्यावर तुमच्या घराचा पत्ता असतो. त्याच पिशवीत घराची किल्ली असेल, तर चोराच्या हातात पत्ता आणि किल्ली दोन्ही जातात, आणि तुम्ही अजून दोनशे किलोमीटर लांब आहात हेही त्याला माहीत असतं.

काळी फिल्म लावून सामान झाकावं, असं काहींना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. दंड बाजूला ठेवला तरी काचेला टॉर्च टेकवली की फिल्ममधूनही आतलं दिसतं.

गाडी कुठे लावावी

कोकणात जागा निवडताना एक अडचण घाटावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. माडाखाली गाडी लावता येत नाही. वरून नारळ किंवा सुकी झावळ पडली तर काच आणि टप दोन्ही गेले. म्हणून लोक वाडीतल्या माडांखालून गाडी काढतात आणि लांब सुरूच्या बनात किंवा किनाऱ्याच्या टोकाला नेऊन लावतात, जिथे सावली भरपूर आणि माणूस एकही नाही. त्यापेक्षा उन्हात, पण घरांसमोर लावलेली बरी. पुढच्या काचेला चांदीसारखी चकचकीत सनशेड लावा. ऊन अडतं आणि पुढून आतलं दिसतही नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे ज्याच्या अंगणात बसून कुणीतरी सुपारी सोलतंय, जाळं विणतंय किंवा भाजी निवडतंय अशा घरासमोरची. गावाकडे वीस-पन्नास रुपये घेऊन अंगणात गाडी लावू देणारी घरं आता बहुतेक किनाऱ्यांजवळ आहेत. पैसे वाचवायला पुढे जाऊ नका. आणि नुसती गाडी लावून निघू नका. घरातल्या माणसाशी बोला. ‘काकू, गाडी इथे लावली तर चालेल ना? आम्ही पुळणीवर जाऊन येतो, जरा लक्ष ठेवा’ एवढं म्हटलं की ती गाडी त्या घराच्या जबाबदारीची होते. परत कधी येणार ते मात्र चारचौघांत मोठ्याने सांगू नका.

ग्रामपंचायतीचा वाहनतळ असेल तिथे पावती घ्या आणि जपून ठेवा. त्यावरची तारीख-वेळ पुढे तक्रारीत उपयोगी पडते. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी सगळीकडे असते. उघड्या मैदानात तुम्ही स्वतः गाडी लावलीत तर ती पाटी बहुतेक तुमच्या विरोधातच जाते. पण हॉटेलच्या माणसाच्या हातात किल्ली देऊन गाडी त्याने लावली असेल, तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अशाच प्रकारे ताब्यात दिलेल्या गाडीच्या चोरीबाबत, नुसती पाटी लावून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत असा निकाल दिला आहे.

वाहनतळात जागा निवडायची असेल तर या क्रमाने : चहाच्या टपरीसमोर, तिकीटखिडकीजवळ, वाटेच्या तोंडाशी जिथून प्रत्येक जण येतो-जातो तिथे, आणि मग बाकीच्या गाड्यांच्या रांगेत. टोकाची एकटी जागा आणि उंच गडग्याला (दगडी कुंपणाला) किंवा झुडपाला लागून असलेली बाजू टाळा. दुसरा इलाज नसेल, तर डिकीचा भाग भिंतीला जवळजवळ चिकटवून उभी करा, म्हणजे डिकी उघडणारच नाही. जमिनीवर पाहा. काचेचे हिरवट बारीक चौकोनी तुकडे पडलेले दिसले तर तिथे याआधी काच फुटली आहे. इंजिन बंदही न करता पुढे जा.

गाडी थेट पुळणीवर नेऊ नका. भरतीत रुतली, तर तिला बाहेर काढेपर्यंत उघडी दारं आणि जमलेली गर्दी यांत काय कुठे जातं ते कळत नाही.

हरिहरेश्वर, मार्लेश्वर अशा ठिकाणी माकडांचाही विचार करा. काच दोन बोटं खाली ठेवून आत केळी किंवा वेफर ठेवले तर वायपर आणि आरशांची वाट लागते. तीच दोन बोटांची फट माणसालाही पुरते. तारेच्या आकड्याने सीटवरची पर्स वर ओढता येते. ऊन असलं तरी काचा पूर्ण बंद. परतल्यावर पाच मिनिटं चारी दारं उघडी ठेवा, तेवढ्यात गरम हवा निघून जाते.

कुलूप, किल्ली, अलार्म

रिमोटचं बटण दाबून न बघताच चालू लागू नका. लॉकचा आवाज ऐका आणि हँडल ओढून पाहा, एक पुढचं आणि एक मागचं. रिमोटची बॅटरी अशक्त असते, एखादं दार नीट मिटलेलं नसतं, कधी शेजारच्या गाडीचा ‘टीक’ आवाज आपला वाटतो. रिमोटचा संदेश अडवणारी उपकरणंही चोर वापरतात. त्यावरही हँडल ओढणं हाच उपाय. ज्या गाड्यांचे आरसे लॉक केल्यावर आपोआप मिटतात, त्या उघड्या राहिल्या तर ते लांबूनही कळतं.

समुद्रात उतरताना किल्लीचं काय करायचं हा कायमचा प्रश्न. टायरवर, बंपरखाली, नंबरप्लेटमागे, जवळच्या चिऱ्याखाली या जागा सगळ्यांना माहीत आहेत. स्मार्ट की असेल तर तिथे ठेवून काही उपयोगही नाही. किल्ली दारापासून साधारण मीटरभराच्या आत असली की दार हात लावताच उघडतं. किल्ली गळ्यातल्या जलरोधक पाऊचमध्ये घ्या. पाऊच घरी तपासा : आत कोरडा टिश्यू पेपर घाला, तोंड बंद करा, बादलीत दाबून दहा मिनिटं ठेवा. टिश्यू जराही दमट झाला तर तो पाऊच खाऱ्या पाण्यात नेऊ नका. सर्वांत चांगलं म्हणजे एक जण आळीपाळीने काठावर बसावा, किल्ल्या आणि फोन सांभाळत. त्याच्या हातातली पिशवी काळी आणि साधी असावी.

कंपनीने दिलेल्या अलार्मवर भिस्त ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं तरच वाजतो. काच फोडून नुसता हात आत घातला तर गप्प राहतो. धक्का ओळखणारा सेन्सर वेगळा बसवता येतो. पण त्याची संवेदनक्षमता जास्त ठेवली तर गडगडाटाने, फटाक्यांनी, टपावर पडलेल्या फांदीने तो रात्रभर वाजतो आणि चार दिवसांत गाव त्याकडे दुर्लक्ष करू लागतं. तळहाताने काचेवर ठोकल्यावर वाजू नये आणि मुठीने जोरात ठोकल्यावर वाजावा, इतपत तो लावून घ्या.

डॅशकॅम उभ्या गाडीतही चालू ठेवायचा तर फ्यूजबॉक्समधून वेगळी वायर आणि कमी व्होल्टेजला बंद पडण्याची सोय लागते; ती १२ व्होल्टच्या आसपास ठेवा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, म्हणून लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. आणि तो काढून नेण्यासारखा असेल तर उभ्या गाडीत दिसेल असा ठेवू नका. बॅगेत टाकायचे ब्लूटूथ ट्रॅकर आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतात. बाजारपेठेत उपयोगी, सड्यावर जवळजवळ निरुपयोगी.

गाडीखालच्या वस्तूही जातात. स्टेपनी ज्यांच्या पोटाखाली टांगलेली असते (अर्टिगा, इनोव्हा, स्कॉर्पिओ वगैरे), तिथे मागच्या बंपरवरच्या भोकातून हँडल फिरवलं की ती खाली उतरते. त्यासाठी कुलूप मिळतं. पण आपल्या हवेत ते सहा महिन्यांत गंजून बसतं आणि पंक्चरच्या वेळी स्वतःलाच उघडत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस घाला. मारुती ईकोवाल्यांनी सायलेन्सर सांभाळावा. त्यातल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात आणि तेवढ्यासाठी ईकोचे सायलेन्सर काढून नेण्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि गुजरातेत वारंवार झाले आहेत. बोल्टाची डोकी वेल्डिंग करून घेणं किंवा लोखंडी पिंजरा बसवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

वाडीच्या तोंडाशी रात्रभर उभ्या गाड्या

शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात आणि गाड्या वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर लागतात, कारण पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असते. घर दोनशे पावलं खाली, आणि गाडी रात्रभर एकटी. आरती, भजन, पालखी यांत सगळा गाव एका जागी असतो, हे बाहेरच्यालाही माहीत असतं.

इथे एकट्याने काही होत नाही, वाडीने मिळून करावं लागतं. गाड्या विखरून न लावता एकाच जागी, रस्त्यालगतच्या ज्या घरात माणसं झोपतात त्याच्यासमोर लावा. तिथे हालचालीने पेटणारा सौर दिवा साधारण आठ ते दहा फुटांवर बसवा. त्याचं तोंड थोडं खाली असू द्या, नाहीतर वटवाघळं आणि माडाची हलती झावळी त्याला रात्रभर पेटवत राहतात. पॅनल महिन्यातून एकदा पुसा. धूळ आणि खाऱ्या वाऱ्याचा थर बसला की तो मध्यरात्रीच विझतो. गाड्यांचे नंबर आणि मालकांचे फोन वाडीच्या ग्रुपवर टाका. पोलीस पाटलांना गाड्या कुठे लागतात ते सांगा आणि पोलीस ठाण्याचा किंवा दूरक्षेत्राचा (चौकीचा) फोन क्रमांक पाखाडीच्या वरच्या टोकाला रंगवून ठेवा. टपावरचं सामान रात्री उतरवाच. सुतळीची गाठ कापायला विळीसुद्धा पुरते.

महामार्गावर रात्री डुलकी काढायची असेल तर घाटातल्या वळणावरच्या मोकळ्या जागेत थांबू नका. उजेड असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा चालू ढाब्यासमोर थांबा, दारं आतून लॉक करा. कुणी ‘ऑइल गळतंय’, ‘मागचा टायर बसलाय’, ‘तुमच्या नोटा खाली पडल्यात’ म्हणून उतरायला लावलं, तर किल्ली काढून, काचा वर घेऊन, दार लॉक करूनच उतरा. दुसरा माणूस पलीकडच्या दाराशी असतो.

काच फुटलेली दिसली तर

आधी सुरक्षित राहा. चोर अजून जवळ असू शकतो, त्याच्या मागे सड्यावर किंवा रानात धावू नका. ११२ लावा, रेंज नसेल तर जवळच्या घरी जा. कुणा अनोळखी पोराला पकडून चोर ठरवू नका. मारहाण झाली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, आणि निष्पाप माणसाची गावात राहण्याची सोय जाते.

फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून पहिले दोन कॉल : एक सिम बंद करायला, दुसरा बँकेला. यूपीआय आणि कार्ड दोन्ही बंद करायला सांगा. तोवर पैसे गेलेच असतील तर १९३० वर ताबडतोब तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस तक्रारीनंतर संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर सोयीतून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो. तो क्रमांक फोनवर *#०६# दाबून आजच काढा आणि घरी लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर तो बघायची सोय नसते. घराच्या किल्ल्या गेल्या असतील तर शेजाऱ्यांना फोन करून त्याच दिवशी कुलूप बदलून घ्या.

गाडीला हात लावण्याआधी फोटो काढा : चारही बाजूंनी, काचेच्या तुकड्यांसह, आतल्या विस्कटलेल्या वस्तूंसह, आणि आजूबाजूची एखादी ओळखीची खूण येईल असे. मग उजेड असेल तर गावातल्या कुणाला सोबत घेऊन शंभर-दोनशे पावलांच्या टप्प्यात शोधा. चोर रोकड आणि फोन काढून बाकीची बॅग गडग्यापलीकडे, चरात, करवंदीच्या जाळीत फेकून देतात. कागदपत्रं आणि किल्ल्या बऱ्याचदा तिथेच मिळतात. सापडलं तर उचलण्याआधी फोटो, आणि पोलीस येणार असतील तर तसंच राहू द्या.

पंचनामा झाल्यावर, आणि विम्याचा क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअरने पाहिल्यावर, काच झाकायची. जाड हातमोजे घाला. दाराच्या चौकटीत अडकलेले तुकडे बाहेरच्या बाजूला ओढून काढा. ती काच वर-खाली करायचं बटण अजिबात दाबू नका. आतल्या यंत्रणेत तुकडे अडकून मोटर जळते. उघड्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोठं जाड प्लास्टिक कापा. वरची कड दार उघडून चौकटीच्या आत घ्या आणि त्यावर दार लावा, म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. खालची आणि बाजूची कड बाहेरून दोन इंची टेपने चिकटवा. पत्रा आधी कोरडा पुसा, ओल्यावर टेप धरत नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हात गोंद रंगावर बसतो. पन्नास-साठच्या वर वेग घेतला की प्लास्टिक फडफडून सुटतं.

गॅरेजमध्ये नवी काच बसवताना दाराचं आतलं पॅनल उघडून सगळे तुकडे काढायला सांगा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात. तुकड्यांनी ती बुजली तर पावसाळ्यात दारात पाणी साठतं आणि आतून गंज लागतो. काच चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे मिळते की बाहेरून मागवावी लागते, ते मॉडेलवर अवलंबून. निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

फिर्याद आणि विमा

चोरी झाली असेल तर फिर्याद चोरीचीच लिहा. ‘गहाळ’ किंवा ‘हरवले-सापडले’ नोंद ही चोरीची तक्रार नाही. तिच्यावर तपास होत नाही आणि विमाही मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घ्यायला नकार मिळाला तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा.

किंमत नीट लावा. मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर पहिल्या गुन्ह्याला, माल किंवा त्याची किंमत परत केली तर, समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद आहे आणि प्रकरण अदखलपात्र ठरू शकतं. चोरीला गेलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल, खरेदीची तारीख, बिलाची किंमत आणि सिरियल नंबर लिहा. फुटलेल्या काचेचं नुकसान वेगळं लिहा. वाढवून लिहू नका, बिलं मागितली की सगळीच फिर्याद सैल पडते.

मोटार विम्यात गाडीचं नुकसान येतं. गाडीतलं वैयक्तिक सामान साध्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वैयक्तिक वस्तूंचं वेगळं ॲड-ऑन असावं लागतं, आणि त्यातही रोकड सहसा वगळलेली असते. काचेवर घसारा कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये स्वतः भरावे लागतात. क्लेम करण्याआधी हिशेब करा. समजा, विम्यातला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा (ओन डॅमेज) हप्ता ८,००० आहे आणि तुम्हाला ३५ टक्के नो-क्लेम बोनस मिळतोय. म्हणजे वर्षाला २,८०० ची सूट. काच ३,५०० ची असेल तर विम्यातून हाती येणार २,५००, आणि पुढच्या वर्षीची किमान २,८०० ची सूट जाणार. अशा वेळी खिशातून भरलेली बरी. बोनस राखणारं ॲड-ऑन असेल तर गणित बदलतं. क्लेम करायचाच असेल तर काच बदलण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय तुकडे साफ करू नका.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तपासी अंमलदाराचं नाव आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवा, महिन्याने स्वतः फोन करा. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि न्यायालयात अर्ज करून, मालकीचा पुरावा दाखवून, बंधपत्रावर परत मिळतो. मुंबई-पुण्याला परतल्यावर फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर ठाण्याला कळवा. फिर्यादी सापडला नाही तर मिळालेला मालही मालखान्यात पडून राहतो.